हात आणि पाखरू

लाईट गेली म्हणून मी वाचलो. हे वाक्य मी कुणासमोर पुरतं बोललेलो नाही, कारण बोलायला गेलं की हसू येतं, ऐकणाऱ्याला आणि मलासुद्धा. रबाळ्याच्या एमआयडीसीत लाईट जायची तशी गेली, आजूबाजूच्या गाळ्यांतून नेहमीसारख्या शिव्या ऐकू आल्या, आणि आमच्या गाळ्यात मी भट्टीच्या आत होतो. आमचं काम पावडर कोटिंगचं. पंख्यांच्या जाळ्या, कपाटांची दारं, असलं लोखंड ट्रॉलीला टांगायचं, त्यावर रंगाची कोरडी भुकटी उडवायची आणि ट्रॉली भट्टीत ढकलून भाजायची. भट्टी म्हणजे खोलीच, माणूस उभा राहील अशी. शेठनं ती तैवानहून जुनी आणलेली. त्या दिवशी ट्रॉलीमागं लोखंड टांगायचा एक आकडा पडला तो उचलायला मी आत शिरलो, पार मागच्या भिंतीपाशी वाकलो, आणि जानूनं दार लावलं. जानू रबाळे गावातलाच, माझा जोडीदार. त्याला वाटलं मी चहाला गेलो. गरम हवा फिरवणारा ब्लोअर सुरू झाला. ब्लोअर सुरू झाल्यावर माणसाचं ओरडणं त्याच्या स्वतःच्या कानालाही पोचत नाही हे मला तेव्हा कळलं. आत जाळीच्या मागं एक दिवा असतो, त्याच्या उजेडात दाराला आतून बसवलेली एक गोल मूठ दिसली, तिच्या शेजारी पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर एक परकं अक्षर. मी मूठ दोन्ही हातांनी ओढली. दाराला पाय लावून ओढली. खांद्यानं दाराला धडका दिल्या आणि पुन्हा मूठ ओढली. तळपायाखालचा पत्रा तापायला लागला, नाकातले केस जळल्यासारखा वास आला, आणि डोळ्यांसमोर सारखं ते अक्षर. मग दिवा गेला. ब्लोअर गुरगुरत थांबला, आणि त्या शांततेत माझा आवाज जानूला ऐकू गेला. त्यानं दार ओढलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आरं, तू आत व्हतास? मना वाटला चाय प्याला गेलास." सगळे हसले. मीही हसलो. चहा आला, तो मी प्यायलो.

झालं एवढंच. अंगावर फोड नाही, कापड जळलं नाही, कुणाला सांगावं असं काही नाही. पण घरी गेलो आणि न्हाणीघराची कडी लावायला हात पुढं झाला तो तसाच थांबला. कोपरखैरण्याची आमची सिडकोची एक खोली, तिला न्हाणीघर ते केवढं. पाठीला नळ लागतो, गुडघ्याला बादली. मी कडी न लावता अंघोळ केली. दुसऱ्या दिवशीही. पुतळा, माझी बायको, एक-दोनदा बोलली नाही, मग बोललीच. "आवं, पोरगी मोठी व्हायला लागली. कडी लावत जावा की." मी म्हटलं, कडी अडकते. तिनं कडी वरखाली करून पाहिली, तेल घातलं. बिचारी कडी आधीपासूनच लोण्यासारखी सरकत होती. मग जेवताना मी जागा बदलली. पूर्वी दाराकडं पाठ करून बसायचो, आता भिंतीला टेकून दाराकडं तोंड. बसमध्ये मागच्या दाराजवळ उभा राहायला लागलो, बसायला जागा असली तरी. कुठंही गेलो तरी आधी दार कुठंय ते बघायचं आणि त्याला पाठ दाखवायची नाही, असा एक पहारेकरी माझ्यात नोकरीला लागला होता, आणि त्याला सुट्टी नव्हती. गंमत म्हणजे लाईट गेली की मला बरं वाटायचं. सगळी चाळ कुरकुरायची, पोरगी वैष्णवी आईला चिकटायची, आणि मी अंधारात पाय पसरून मोकळा श्वास घ्यायचो. लाईट आली की माझी नजर आधी दाराकडं जायची, कारण पंखा सुरू होताना ब्लोअरसारखाच आधी एक गुरगुर करतो.

आणि जानू. त्याच्याशी मी पहिल्यासारखाच बोलत होतो, त्याच्या डब्यातलं सुकं बोंबील खात होतो, पण त्याचे हात बघत होतो. जाड, बुटक्या बोटांचे हात. त्या हातांनी दार लावलं. लावताना त्यानं आत डोकावलं नाही. का नाही? रोज डोकावायचा का? आठवायला लागलो तर रोजचं काहीच आठवेना. दार लावायच्या आधी आम्ही कधी आत बघत नव्हतो, तोही नाही, मीही नाही. म्हणजे मी लावलेल्या दाराआड कधी तो असू शकला असता. हा विचार करून राग जायला हवा होता. राग गेला नाही, उलट भीती दुप्पट झाली, कारण आता मला माझ्या हातांचीही भीती वाटायला लागली. पण सगळ्यात जास्त भीती त्या अक्षराची. कुणीतरी, कुठं लांब तैवानात, भट्टी बनवताना विचार केला होता की एक दिवस यात माणूस अडकेल. त्या माणसासाठी त्यानं मूठ बसवली, तिच्याशेजारी लिहून ठेवलं. मला सांगितलं गेलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं. डोळे मिटले की ते अक्षर यायचं, काळ्या रेघांचं, काहीतरी बजावणारं, आणि मी त्याच्यासमोर ठार अडाणी.

पुतळा वाशीला एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती. झाडलोट, टॉवेल धुणं, आता थोडं थ्रेडिंगही शिकली होती. पार्लरवाल्या मेरी मॅडम जातीच्या चिनी, पण जन्म कलकत्त्याचा आणि नवऱ्याच्या नोकरीमागं इकडं आलेल्या. हिंदी, मराठी सगळं एका पातेल्यात ढवळून बोलायच्या. मी विडीच्या बंडलाच्या कागदावर ते अक्षर आठवून काढलं आणि संध्याकाळी पुतळाला आणायला गेलो तेव्हा बिचकत मॅडमपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा केला, सुलटा केला.

"ये क्या है? कुनी काढला?"

"मीच. चिनी आहे ना?"

"चिनी?" त्या इतक्या हसल्या की खुर्चीत बसलेली बाईही हसली. "धनाजी, हे चिनी नाय, तुझा मराठी हाय. वर बघ, अख्ख्या डोक्यावरनं एक लाईन मारलीस. टोपी घातलीस त्याला. खाली काय हाय ते मलाच नाय वाचता येत."

खरंच होतं. वेगवेगळ्या उभ्या राहिलेल्या रेघा मी काढल्या होत्या आणि शेवटी, हात सवयीनं डावीकडून उजवीकडं गेला होता. शिरोरेघ. ती दिल्याशिवाय शब्द पुरा झाला असं आमच्या हाताला वाटतच नाही. मी मॅडमना झाला प्रकार सांगितला. सगळा नाही, हसण्याजोगा तेवढाच. पण त्या हसल्या नाहीत. पुतळा टॉवेलांची घडी घालता घालता थांबली होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं. घरी जाताना बसमध्ये तिनं माझा हात धरला, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा, आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

मला वाटलं होतं मॅडम अर्थ सांगतील आणि मी सुटेन. त्या म्हणाल्या, "नीट बघून ये, मग सांगते. पन आधी लिवायला शीक. नुसता बघून येशील तर परत टोपी घालशील. आनि मी बोलले म्हनून तू मानलास, तर उद्या आतमधे डोका फिरला की ते पन विसरशील. हात नाय विसरत." म्हणून मी शिकायला लागलो, चाळिशीकडं झुकलेला माणूस, पार्लरच्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, पाण्यात बुडवलेल्या बोटानं. कागद त्या देत नसत. चीनशी झालेल्या लढाईच्या साली कलकत्त्यात शेजारच्यांना पोलीस घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरातला चिनीत लिहिलेला चिटोरान् चिटोरा चुलीत घातला होता. शाळेच्या पाट्यासुद्धा धुवून उलट्या ठेवल्या. "मग मी पानीनं लिवायची, फरशीवर. सुकला की गेला. कुनी आला तर काय दिसनार?" हे त्या हसत सांगायच्या, पण बोट ओट्यावर टेकवण्याआधी अजूनही एकदा दाराकडं बघायच्या. मला त्या बघण्याची ओळख पटली. आपल्याइतकंच घाबरलेलं माणूस भेटलं की किती बरं वाटतं हे सांगून कळायचं नाही.

पहिला धडा हाताचा. म्हणजे हात या अर्थाचं चिन्ह, कितीतरी अक्षरांच्या डाव्या अंगाला उभं असतं म्हणे. आधी आडवी छोटी रेघ, मग तिला कापत खाली येणारी उभी, शेवटाला आकडा, मग खालून वर जाणारा फटका. मी आधी उभी काढायचो आणि आडवी मागाहून डोक्यावर ठेवायचो. मॅडम बोटावर फणी मारायच्या. "पयली वरची! पयली!" मी म्हटलं, शेवटी दिसतं तर सारखंच, कोणती आधी काढली कुणाला कळणार? "मला कळते. दोनी रेघा एकमेकाला कशा भेटल्या त्यावरनं कळते. कोन आधी उभा होता, कोन नंतर आला." ते मला पटलं नाही, पण रात्री न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर मी आडवी आधी, उभी नंतर, असं करत बसलो, दार उघडं ठेवून, आणि बराच वेळ पहारेकऱ्याची आठवणच झाली नाही. रेघांचा क्रम सांभाळताना भीतीला जागा उरत नाही. हात थांबला की ती परत येऊन बसते, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी.

मग एके दिवशी मॅडमनी चौकोन काढला. मी आधी तो चार रेघांचा काढला होता, पाटीसारखा; तसा नाही, त्या म्हणाल्या. डावीकडची उभी. मग वरची आणि उजवीकडची मिळून एकच, कोपऱ्यात वळून खाली. आता थांबायचं. खालची बाजू उघडी. "आता आतला लिव." त्यांनी आत दोन तिरप्या रेघा काढल्या, एकमेकींना टेकलेल्या, दोन पाय फाकवून उभ्या माणसासारख्या. तो माणूसच होता. "आधी मानूस आत, मग शेवटी दरवाजा," असं म्हणून त्यांनी खालची रेघ ओढली. "कैदी. जेलमधला." त्यांच्या दृष्टीनं तो साधा नियम होता, शाळेतल्या पोरांना पाठ करून घेतात तसला. माझ्या कानात ब्लोअर सुरू झाला. मी डावी उभी काढली, वळणाची काढली, आत माणूस काढला, आणि बोट ओट्यावर तसंच टेकून राहिलं. पुढं जाईना. "खतम कर ना," मॅडम म्हणाल्या. ओट्यावरचं पाणी कडेनं सुकायला लागलं. आधी चौकोन गेला, मग माणसाचा एक पाय. पुतळा मागून येऊन म्हणाली, "चला आता, बस जाईल." तिनं फडक्यानं ओटा पुसून टाकला.

त्या रात्री मला पेव आठवलं. साताऱ्याकडं आमच्या घरी अंगणात पेव होतं, जमिनीच्या पोटात धान्य साठवायचं, वर माणूस जाईल एवढंच तोंड. ते उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. कंदील विझला नाही की सगळ्यात लहान माणूस उतरायचा, तो मी. माझ्या कमरेला दोर बांधून आबा, म्हणजे माझे वडील कोंडिबा, मला खाली सोडायचे. खाली ऊब असायची, ज्वारीचा आंबूस वास, आणि वर थाळीएवढा उजेड. एकदा आबा वाकून बघायला लागले आणि त्यांच्या डोक्यानं तो उजेडच बुजला. मी किंचाळलो. आबा वरून म्हणाले, "आरं, मीच हाय. दोर माज्या हातात हाय न्हवं?" मग मी ज्वारीच्या पाट्या भरायला लागलो. मला तेव्हा भीती वाटत नव्हती असं मी इतकी वर्षं समजत होतो. वाटत होती. पण दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते ठाऊक होतं. भट्टीत मला दोर नव्हता, आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला जानू होता.

अक्षर मी शेवटी पाहिलं. भट्टीचं दार सताड उघडून, त्याच्या बिजागरीत लोखंडी पाईप अडकवून, एक पाय बाहेर ठेवून, ब्लेडनं पट्टीवरची पापडी खरवडली. वर्षानुवर्षांची रंगाची भुकटी तिथं बसून भाजली होती, लाल, राखाडी, पांढरी, थरावर थर. डावीकडं हात होता. आडवी, उभी, फटका. मला ओळखता आलं, आणि मी बोटानं त्यावरून तोच क्रम गिरवला. उजवीकडं बारीक रेघांची शिडी. मग दाराच्या बाहेरच्या अंगाला गेलो, तिथल्या दांड्याजवळही एक पट्टी होती. तिथंही डावीकडं हात. उजवं अंग मात्र वेगळं. ती दोन्ही मी ओट्यावर पाण्यानं लिहून दाखवली, टोपी न घालता. मॅडमनी मान हलवली. "बाहेरचा, हा. हात आनि उभा मानूस. म्हंजे ओढ. आतला, हात आनि पाखरू. छोट्या शेपटीचा. म्हंजे ढकल." मी विचारलं, पाखराचा ढकलण्याशी काय संबंध. "ते मला पन नाय माहीत. तसाच हाय." ढकल. मी ओढत होतो. मूठ आत दाबायची होती, आणि मी जिवाच्या आकांतानं ती माझ्याकडं ओढत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ती मूठ आठवली, तिच्या मुळाशी भाजलेली रंगाची जाड कड, पट्टीवर होती तशीच. "दाबली तर उघडेल ना?" मी विचारलं. मॅडम ओटा पुसत म्हणाल्या, "लिवलाय तो ढकल. उघडेल असा कुठे लिवलाय?"

तेवढ्यात शेठनं फर्मान काढलं. रंग बदलायचा होता, लाल संपवून पांढरा. भट्टी आतून पुरी खरवडायची, शुक्रवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, कारखाना बंद असताना, मी आणि जानू. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगा. शेठ म्हणाला, "धनाजी, भट्टीचा माणूस भट्टीत जात नाय म्हणजे काय? नाय जमत तर तसं बोल, मी दुसरा बघतो. टेन्शन नको." त्याला खरंच टेन्शन नव्हतं. मला होतं. दाराला पाठ करून मागच्या भिंतीशी तासन् तास बसायचं, एवढंच काम होतं, आणि तेवढंच मला जमणार नव्हतं. नोकरी गेली तर खोली जाईल, पोरीची शाळा जाईल, आणि परत साताऱ्याला जाऊन सांगायचं काय, तर दाराची भीती वाटते.

शुक्रवारी गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातला, वरून रुमाल कोंबला. जानू बघत होता. मी त्याला म्हटलं, मला मूठ तपासायची आहे. मी आत जातो, तू दार लाव, मी आतून दाबतो. आमच्यात त्या दिवसाचं नाव अजून निघालं नव्हतं. "कशाला? तेल घालूया ना, बाहेरनं हलवून बघूया."

"बाहेरून मूठ हलते. आतून उघडतं का ते आत गेल्याशिवाय कळत नाही. लाव दार."

आत पाय टाकताना मी खिशातला फ्यूज मुठीत धरला होता. दार आलं, उजेडाची रेघ बारीक होत गेली आणि गेली. शेवटची रेघ. हवा आहे, मी स्वतःला सांगितलं, फ्यूज तुझ्या हातात आहे, तरी तळपाय तापल्यासारखे वाटायला लागले. मी अंधारात बोटानं लिहिलं, हवेत. आडवी. उभी. फटका. मग पाखरू, त्याच्या रेघा क्रमानं, एकही न चुकवता. मग तळहात मुठीवर ठेवला आणि सगळ्या अंगानं दाबलं. दार उघडलं. उजेड अंगावर पडला, आणि समोर जानू होता. त्याचे दोन्ही हात दांड्यावर होते.

"तू ओढलंस?"

"नाय."

"जानू."

"मना म्हायती नाय रं." तो दांडा सोडेना. "मी हात काढलाच नाय. तू आत, आनि मी दार लावतंय, ना मना त्यो दिस आटवला. मना रातीला झोप नाय, म्हायती हाय तुला? बायको बोलते, काय जाला. काय सांगू तिला? मानसाला भाजत व्हतू म्हनून सांगू?"

एवढे दिवस मी त्याचे हात बघत होतो, तोंड बघितलंच नव्हतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी वाढलेली. माझ्यासारखाच पहारेकरी त्याच्याही आत बसवला होता, फक्त दाराच्या बाहेरच्या बाजूनं. मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी चीडही, कारण त्याच्या मायेनं सगळं मुसळ केरात गेलं होतं. दार मी ढकललं की त्यानं ओढलं, हे आता देवाला ठाऊक. तपास पुन्हा करायला हवा होता आणि परत आत जायला मी पुढं होत नव्हतो. जानूनं ते पाहिलं असावं. त्यानं डोळे पुसले, लुंगी गुडघ्यावर खोचली आणि भट्टीत जाऊन दाराकडं तोंड करून उभा राहिला. दोन पाय फाकवून.

"लाव."

दार लावायला मी हात पुढं केला आणि तो ओट्यावरच्या बोटासारखा थिजला. अडकणं भयंकर, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्याला आत ठेवून शेवटची रेघ ओढणं त्याहून भयंकर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जानू म्हणाला, "लाव रं. मी सांगतंय ना." मी लावलं. खीळ बसल्याचा आवाज झाला. दांड्यावरून एकेक बोट सोडवलं, मागं सरकलो आणि दोन्ही हात पाठीमागं धरले. काही झालं नाही. दाराला कान लावावासा वाटला, पण मी हललो नाही. आतून एक धक्का आला. दार जागचं हललं नाही. माझे हात पाठीमागून सुटले होते, मी अर्धं पाऊल पुढं टाकलं होतं, तेवढ्यात दुसरा धक्का आला, काहीतरी कडकन तडकलं, लाल पापडीचे तुकडे उंबऱ्यावर पडले आणि दार आपोआप, कुणाचाही हात नसताना, उघडलं. जानू बाहेर आला. तोंडभर रंगाची भुकटी, त्यात घामाचे ओघळ. "उगरतंय," तो म्हणाला, "पन दाबाया लागतंय, मेलं." आणि खाली बसला.

मी त्याला पाणी दिलं. मग मुठीची कड साफ केली, तेल घातलं, दाबून पाहिली, ती आता मऊ जात होती. पट्टीशेजारी लाल रंगानं 'ढकला' लिहिलं. लिहिताना हातानं आधी वरची रेघ ओढली आणि मग तिला अक्षरं टांगली. रेघ लांब झाली, शब्द आखूड. जानू म्हणाला, तुजा अक्षर बिगरला. मी म्हटलं, बिघडू दे, वाचता येतंय ना.

मग खरवडण्या घेऊन मी कामाला आत शिरलो. मागच्या भिंतीपाशी जाऊन वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं, बिजागरीत पाईप, मूठ तपासलेली, फ्यूज माझ्या खिशात. तरीही जानू दारात उभा होता आणि त्याचा एक हात दांड्यावर होता. हात, आणि उभा माणूस.

"हात काढ की आता," मी म्हटलं. "तू पण ये खरवडायला."

"ऱ्हाऊ दे जरा. हात माजा हाय, तुजा काय जातंय?"

त्याच हातानं त्या दिवशी दार लावलं होतं. भीती गेली नव्हती, ती होती तिथंच होती, आणि पुढंही राहील असं मला वाटलं. मी त्या हाताकडं पुन्हा एकदा पाहून घेतलं. मग दाराकडं पाठ केली आणि भिंत खरवडायला लागलो.